कुंभारणीची कंबर

विहिरीच्या कठड्याचे चार थर चढले होते. गवंडी पाचव्या थराचे दगड निवडत होता आणि सुतार समोर बसून रहाटाची चौकट तासत होता. दोघांचे हात कामात होते, पण तोंडं गेले चार दिवस एकाच गोष्टीवर चालली होती. ती गोष्ट अशी, की चांगलं घर कोण बांधतं, सुगरण की कुंभारीण?

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढं जो घोळ झाला तो एवढ्याशा शब्दापायी झाला. सुगरण म्हणजे तो पिवळ्या डोक्याचा पक्षी. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला त्यांची पंधरा-वीस घरटी लोंबत होती, काही पुरी, काही अर्धी. आणि कुंभारीण म्हणजे ती लांबट माशी, जी तोंडात मातीच्या गोळ्या आणते आणि भिंतीवर बोराएवढं मडकं घडवते. इथवर सगळं ठीक. पण गावात मडकी घडवणाऱ्या कुंभाराच्या बायकोलाही कुंभारीणच म्हणत. आणि गवंड्याच्या बायकोच्या हाताला अशी चव होती, की लहानथोर सगळे तिला सुगरण म्हणत. तोंडावर सुगरणवहिनी, मागं नुसतं सुगरण. म्हणजे सुरुंग पुरलेलाच होता, वात पेटवायची तेवढी राहिली होती.

"बघ, बघ," सुतार वाकस खाली ठेवून वर बोट दाखवत म्हणाला. "काय विणलंय! ना खिळा, ना सरस, ना फूटपट्टी. वाऱ्यानं एवढं डुलतंय, पण एक काडी सुटेल तर शपथ. मी तीस वर्षं लाकूड जोडतोय, मला हे जमायचं नाही."

"तुला खुर्चीचे चार पाय सारखे जमत नाहीत, ते सोड."

"आणि बांधतो कोण माहीत आहे का? नर! बायको नंतर येते. आत शिरते, काडी ओढून बघते, लोंबकळून बघते. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर चालली दुसऱ्याच्या घरट्यात."

"तेच तर!" गवंड्यानं थापी दगडावर आपटली. "असला कसला तो बाप्या? अर्धं घर बांधायचं आणि बायकोच्या तोंडाकडं बघत बसायचं. तिनं नाक मुरडलं की अर्धवट टाकायचं, दुसरं सुरू करायचं. ती वरची बघ, नुसत्या टोप्या लटकतायत. माझ्या हाताखालच्या माणसानं असं काम केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता."

"अर्धवट घराचं तू नको बोलू," सुतार हळूच म्हणाला. "तुझं स्वयंपाकघर..."

"ते वेगळं," गवंडी म्हणाला, आणि विषय पुन्हा मातीवर आणला.

पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. जमीन अजून पाणी धरून होती, पाऊल टाकलं की चिखल चपलेला ओढून घ्यायचा. बांधावरचं गवत गुडघ्याएवढं झालं होतं. त्या गवतातून, डोक्यावर डबा घेऊन, गवंड्याची बायको येत होती. डब्यात गवंड्याचं जेवण होतं आणि सुताराचंही, कारण सुतार सडाफटिंग होता आणि गेली आठ वर्षं दुपारचा त्यांच्याकडंच जेवायचा. पंपाच्या खोलीआड ती चपलेचा चिखल पुसायला थांबली, आणि नेमकं तेव्हाच गवंड्याचा आवाज चढला.

"सुगरणीचं कौतुक मला सांगू नकोस! इतकी वर्षं बघतोय मी. नुसता पसारा. निम्मं काम खाली सांडलेलं. आणि कलकल किती, उजाडल्यापासून जी सुरू होते ती दिवे लागेपर्यंत. कान किटतात. त्यापेक्षा कुंभारीण बघ. आपली गुणगुणत येते, गुणगुणत काम करते, कुणाकडं काही मागणं नाही की गाऱ्हाणं नाही. एवढीशी कंबर, पण हात काय हात! गोलाई अशी, की बोट फिरवत बसावं."

"तू कधी बघितलीस एवढ्या जवळून?"

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत! पावसानं काम बंद होतं ना आठवडाभर, तेव्हा रोज दुपारी यायची. ही तिकडं झोपलेली असायची. मी आपला बघत बसायचो."

"वहिनींना ठाऊक आहे?"

"छे! तिला कळलं तर झाडूच घेऊन धावेल. मी एका शब्दानं बोललो नाही."

यावर सुतार म्हणाला, "सहा पाय असल्यावर कुणीही बांधेल. सुगरणीकडं आहे काय, तर नुसती एक चोच." पण हे सहा पाय ऐकायला पंपाच्या खोलीआड कुणी उरलं नव्हतं. डबा आल्या वाटेनं परत चालला होता.

दुपार टळली. सुतार तीन वेळा पाणी प्याला. गवंड्यानं दोन वेळा बांधाकडं पाहिलं.

"विसरली असेल," गवंडी म्हणाला.

"वहिनी? जेवण?" सुतार म्हणाला. "आठ वर्षांत एकदा चुकलं नाही. काहीतरी झालंय. माझं पोट सांगतंय."

गवंडी घरी पोचला तेव्हा दिवस कलायला लागला होता. आता त्याचं स्वयंपाकघर कसं होतं, ते सांगायला हवं. पंचक्रोशीत त्याच्यासारखा गवंडी नव्हता. त्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावायची कुणाची छाती नव्हती. पण स्वतःच्या स्वयंपाकघराची फक्त एक भिंत पुरी होती, खिडकी होती ती. एका अंगाला घर होतं, आणि बाकी दोन भिंती कमरेएवढ्या येऊन थांबल्या होत्या आणि त्यांच्या वर पत्रे, फळ्या आणि एक जुनी ताडपत्री यांनी वाऱ्याशी समझोता केला होता. पावसाचा मारा उजवीकडून आला की बायको चूल डावीकडं न्यायची, डावीकडून आला की उजवीकडं. अकरा वर्षं झाली, पण दर वर्षी गवंडी म्हणायचा, यंदा हातातलं काम उरकलं की धरतोच. हातातलं काम कधी उरकत नव्हतं, कारण हात चांगला होता.

चूल थंड होती. बायको पाटावर बसली होती. तिनं ताट पुढं सरकवलं. ताटात मधोमध ओल्या मातीचा गोळा होता.

"हे काय?"

"जेवण. आवडतं ना तुम्हाला? घ्या. बोट फिरवत बसा."

"अगं, काय झालंय काय?"

"माझ्या कामाचा पसारा होतो. माझी कलकल होते. कान किटतात तुमचे. कुंभारणीकडं जा, ती गुणगुणत वाढेल."

गवंड्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला, आणि पडताच तो हसला. ही त्याची पहिली चूक. बायकोचे डोळे भरलेले असताना नवऱ्यानं हसायचं नसतं, मग कारण कितीही चांगलं असो.

"हसा! आणखी हसा! मी झोपलेली असताना माझ्याच स्वयंपाकघरात येते, आणि वर हसता! आणि म्हणे, एवढीशी कंबर! डोळे फुटलेत का तुमचे? दारातून एका अंगानं आडवी होऊन जाते ती बाई!"

"अगं, ती बाई नाही, माशी! कुंभारीण माशी! मातीचं मडकं करते ती! ये, दाखवतो तुला," असं म्हणत त्यानं तिचा हात धरला आणि खिडकीपाशी नेलं. "हे बघ, इथं, चौकटीच्या कोपऱ्यात तीन..."

चौकटीच्या कोपऱ्यात तीन गोल डाग होते. बाकी काही नव्हतं.

"ते होय," बायको म्हणाली. "ते मी सकाळीच उलथन्यानं खरवडून टाकलं. गवंडिणीची घरं होती ती."

"कुणाची?"

"गवंडिणीची. माशी असते ती. आमच्या माहेरी तिला गवंडीणच म्हणतात."

"इथं कुंभारीण म्हणतात!"

"का म्हणतील? भिंतीला माती लावते, ती गवंडीण. सरळ गोष्ट आहे."

"अगं, मडकं करते ना ती!"

"भिंतीलाच करते ना? कुंभार कधी भिंतीला मडकं चिकटवतो का? काहीतरी रचायचं म्हणून रचू नका. बावीस वर्षं या गावात आहे मी. एकदा तरी कुणी त्या माशीला कुंभारीण म्हणालेलं ऐकायला नको?"

"बावीस वर्षांत माशांवर बोलायची वेळच कुठं आली?"

"माझ्याशी कशावर बोलायची वेळ आली तुम्हाला? घरी आलात की माती झटकायची, जेवायचं आणि आडवं व्हायचं."

तेवढ्यात दारात सुतार उभा राहिला, हातात स्वतःचं ताट घेऊन. गवंड्याला वाटलं, देवानंच साक्षीदार धाडला.

"ये, ये! तू सांग हिला. त्या माशीला काय म्हणतात?"

सुतारानं आधी गवंड्याकडं पाहिलं, मग वहिनीकडं, मग थंड चुलीकडं. वहिनीनं विचारलं, "सांगा भावजी. अगदी खरं सांगा. काय म्हणतात तिला?"

सुताराची आठ वर्षांची दुपारची जेवणं त्याच्या डोळ्यांपुढून गेली असावीत.

"तुम्ही म्हणाल ते, वहिनी," तो म्हणाला.

झालं. वहिनी उठली. ट्रंक खाली काढली. दोन लुगडी ठेवली, कंगवा ठेवला, आणि म्हणाली, "उद्याच्या पहिल्या गाडीनं मी भावाकडं जाते. माझा पसारा मी घेऊन जाते. तुम्हाला काय आवरायचं ते आवरा."

ती असं बोलायची नाही. भांडायची, आदळआपट करायची, पण ट्रंक कधी काढली नव्हती. बाहेर येऊन त्यानं सुताराला आधी चार शब्द सुनावले, मग तोच म्हणाला, "आता एकच माणूस उरलं. चल."

कुंभारीण अंगणात होती. कुंभार बाजाराला गेला होता आणि पावसाचं लक्षण दिसल्यामुळे ती कच्ची मडकी छपराखाली ओढत होती. बाई चांगली आडवीतिडवी. ती मडकं उचलायला वाकली की अंगणातला उजेड कमी व्हायचा. तोंडानं मात्र गोड, आणि हसायला कारण लागायचं नाही. आज तर कारण होतं.

गवंड्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. सुगरण, पसारा, खिडकी, दुपार. शेवटी कमरेपाशी आला तेव्हा अडखळला.

"काय म्हणालास?" कुंभारीण म्हणाली.

"एवढीशी..."

"पुन्हा म्हण."

"एवढीशी कंबर, काकू. पण माशीची!"

कुंभारणीला जे हसू आलं ते आवरेना. ती मडक्याचा आधार घ्यायला गेली, मडकं कलंडलं, म्हणून ती दुसऱ्या पालथ्या मडक्यावर बसली, आणि ते फुटलं. तरी ती मातीत बसून हसतच होती.

"चाळीस वर्षांत माझ्या कमरेचं कौतुक कुणी केलं नव्हतं रे," डोळे पुसत ती म्हणाली. "आमच्या ह्यांनीसुद्धा नाही. आणि केलं ते माशीचं निघालं. उचला मला. चला."

दोघांनी तिला उठवलं आणि तिघं निघाले. वाटेत तिनं पुन्हा दोनदा थांबून हसून घेतलं. गवंड्याला हसू येत नव्हतं. ट्रंकेत ठेवलेला तो कंगवा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

गवंड्याच्या दारातून कुंभारीण आडवी होऊनच आत आली. वहिनीनं मान वर केली. तिची नजर कुंभारणीच्या चेहऱ्यावर न थांबता सरळ कमरेवर गेली, आणि तिथून हलेना.

"बघ बाई, नीट बघ," कुंभारीण म्हणाली आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. "हीच ती एवढीशी कंबर."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. पदराआड हसू होतं की रडू, ते कळेना. बहुतेक दोन्ही होतं.

"अगं, त्या माशीला कुंभारीणच म्हणतात," कुंभारीण पाटावर बसत म्हणाली. "मी नवी नवरी होते तेव्हा माझी सासू मला तिच्यापुढं बसवायची. म्हणायची, बघ, ही बिनचाकाची किती गोल घडवते, आणि तुला चाक देऊनही तिरकं येतं. मला तर त्या माशीचा राग यायचा. तुझ्या नवऱ्यात काही खोट नाही. मुळात एवढी हिंमत नाही त्याच्यात."

"नाही हो," गवंडी मनापासून म्हणाला.

वहिनीनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, "काकू, तुमच्यावरून मला काही वाटलं नाही. खरं सांगते. मला ते पसाऱ्याचं लागलं. बावीस वर्षं राबतेय. त्यातली अकरा या अशा तीन फळ्यांच्या आत, चूल इकडून तिकडं करत, ह्यांना एक दिवस उपाशी ठेवलं नाही. आणि हे चारचौघांत म्हणतात, नुसता पसारा."

"पाखराला म्हणालो गं," गवंडी म्हणाला. "तुला कसं म्हणेन?"

"बरं," वहिनी म्हणाली. तिनं डोळे पुसले, चुलीकडं वळली, दोन काटक्या घातल्या. सुतारानं ताट गुडघ्यावर नीट ठेवलं. सगळं मिटलं होतं, आणि मिटलेलंच राहिलं असतं. पण काडी ओढता ओढता वहिनीनं सहज विचारलं, "पण वाद होता तरी काय?"

गवंडी गप्प राहिला असता तर बरं झालं असतं, आणि तो राहिलाही. बोलला सुतार. मघाचा डाग त्याला धुवायचा होता.

"अहो वहिनी, मी म्हणत होतो सुगरण थोर. त्यात घर नर बांधतो. पान पान फाडून आणतो, विणतो, जीव काढतो. मग मादी येते, ओढून बघते, आत बसून बघते. नाही पसंत पडलं तर तो मुकाट्यानं दुसरं बांधायला घेतो. तिसरं घेतो. चौथं घेतो. ती हो म्हणेपर्यंत थांबत नाही."

"असं?" वहिनीच्या हातातली काडी तशीच राहिली. "आणि ती माशी?"

"तिच्यात काय, सगळं ती एकटी करते. माती आणणार ती, घडवणार ती, पोरांसाठी अळ्या मारून भरणार ती, तोंड लिंपणार ती. नर कुठं भटकतो देव जाणे. हा म्हणाला, मला तीच आवडते. गाऱ्हाणं करत नाही म्हणून."

काडी विझली. वहिनीनं सावकाश मान वळवली आणि आधी डावीकडची कमरेएवढी भिंत पाहिली, मग उजवीकडची, मग वरची ताडपत्री, जी त्याच वेळी वाऱ्यानं फडफडली.

"म्हणून आवडते होय तुम्हाला कुंभारीण," ती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. मघाच्या आरोपाला उत्तर होतं. याला नव्हतं.

तिनं ट्रंक उचलली. "काकू, तुमच्याकडं एक खोली रिकामी आहे ना?"

"आहे की. आणि मला रांधायचा कंटाळाही आहे."

"मग मी भावाकडं जात नाही. तुमच्याकडं येते." दारात ती वळली. "तुम्ही बांधा. बांधून झालं की निरोप धाडा. मी येऊन बघेन."

"आणि नाही पसंत पडलं तर?" गवंड्यानं विचारलं.

"दुसरं बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर कुणी गेलं नाही. विहिरीचा मालक दोनदा येऊन बघून गेला, त्याला सुतारानं सांगितलं, घरात अडचण आहे. गवंड्यानं ताडपत्री काढली, फळ्या काढल्या, कंबर कसली आणि दगड फोडायला बसला. सुतार खिडकीची नवी चौकट करायला बसला, कारण दोष त्याचाही होता आणि भूकही त्याची होती.

कुंभारणीचं घर चार घरं सोडून होतं. दुपारी वारा तिकडून यायचा. पहिल्या दिवशी फोडणीचा वास आला, दुसऱ्या दिवशी कसलंसं झणझणीत कालवण, तिसऱ्या दिवशी गूळ कढत होता. दोघं जण स्वतःच्या हातचा करपलेला भात गळ्याखाली ढकलत आणि बोलत नसत. कुंभार बाजाराहून परत आला तो चार दिवसांत गालांनी वर आला. रस्त्यात भेटला की म्हणायचा, "सावकाश होऊ दे रे. भिंत घाईनं बांधू नये."

सातव्या दिवशी भिंती वर गेल्या. गवंड्यानं निरोप धाडला. वहिनी आली, मागून कुंभारीण आली, आणि त्यांच्या मागं अर्धी गल्ली. वहिनीनं भिंतीवर तळहात ठेवून दाबलं. फडताळाच्या फळीला लोंबकळून बघितलं. फळी टिकली, पण वहिनी म्हणाली, "ही माझ्या डोक्याच्या वर आहे. इथं तुम्ही रांधणार का?" खिडकीतून बाहेर पाहिलं. "धूर कुठून जाईल? खिडकी चुलीच्या मागं आहे." चुलीचा ओटा बघितला. "हा तुमच्या उंचीचा झालाय."

"पण भिंत बघ ना," गवंडी काकुळतीला येऊन म्हणाला. "ओळंबा लाव!"

"भिंत छान आहे," वहिनी म्हणाली आणि चालती झाली. तिच्या मागून कुंभारीण आडवी होऊन बाहेर पडली, आणि गल्ली हसत हसत पांगली.

गवंड्याला आधी राग आला. पंचक्रोशीत त्याच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. तो कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की आजवर दुसऱ्यांच्या घरी तो आधी विचारायचा, ओटा केवढा, चूल कुठं, रांधणारी बाई किती उंच. इथं त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्याला लाज वाटली. तो उठला, आणि ओटा फोडायला घेतला.

सुतार म्हणाला, "टोपी लटकली वाटतं."

"फळी उतरव," गवंडी म्हणाला. "आणि तोंड बंद ठेव."

दुसऱ्यांदा वहिनी आली तेव्हा खिडकी चुलीसमोर होती आणि ओटा तिच्या कमरेला बरोबर होता. पण फडताळाचं दार उघडलं की घराचं दार अडत होतं. ती "हं" म्हणाली आणि गेली. तो "हं" मात्र पहिल्यापेक्षा बरा होता. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या गवंडी त्या "हं"चाच विचार करत राहिला.

तिसऱ्यांदा ती एकटीच आली. ऊन पडलं होतं, जमीन वाळायला लागली होती. तिनं फडताळ उघडलं, घराचं दार उघडलं, दोन्ही एकदम उघडी ठेवून मधून चालून बघितलं. ओट्याला टेकून उभी राहिली. खाली बसून बघितलं. मग खिडकीपाशी उभी राहून बराच वेळ बाहेर बघत राहिली. गवंडी थापी हातात घेऊन दाराशी उभा होता. इतक्या वर्षांत एवढी धाकधूक त्याला कुणाच्या घरी वाटली नव्हती.

"इथून विहीर दिसते," ती म्हणाली.

"हो. मुद्दाम ठेवली खिडकी तशी. तू डबा घेऊन निघालीस की मला... म्हणजे मी तिथनं बघितलं की मला तुझी चूल पेटलेली दिसेल."

तिनं वळून पाहिलं नाही. पण खिडकीखाली टेकवलेली ट्रंक तिनं ओट्याखाली सरकवली. ट्रंक तिनं येतानाच बरोबर आणली होती, हे त्याला आत्ता दिसलं.

तेवढ्यात गुणगुण ऐकू आली. खिडकीतून एक माशी आत आली, बारीक कमरेची, तोंडात मातीची गोळी धरलेली. नव्या चौकटीच्या कोपऱ्यात ती बसली आणि ओल्या मातीचं पहिलं कडं फिरवायला लागली. आत्ता, नेमकं आत्ताच यायचं होतं हिला!

"गवंडीण आली वाटतं," तो घाईघाईनं म्हणाला. "गवंडीणच ती. तुमच्या माहेरी म्हणतात ते बरोबर आहे."

"गवंडीण कसली?" बायको म्हणाली. "कुंभारीण म्हणतात तिला. इतकी वर्षं या गावात राहता, एवढंही ठाऊक नाही?"

"मग गवंडीण कुठली?"

"ती हल्ली बांधत नाही," ती म्हणाली आणि चुलीपाशी बसली. "ती नुसती येऊन बघते." मग काडी ओढता ओढता तिनं फडताळाकडं मान केली. "आणि ती खालची फळी दोन बोटं तिरकी आहे."